मसुराचे पाणी

हिरवा मसूर शिजवण्याच्या अकरा तऱ्हा तिने सहा आठवड्यांत शोधून काढल्या होत्या, आणि त्या अकराही तऱ्हांची सुरुवात एकाच कामाने होत असे : पाणी काढून टाकण्याने.

आदल्या संध्याकाळी मसूर भिजत घालायचा. सकाळी ते पाणी काढायचे. मग पातेलेभर ताज्या पाण्यात त्याला उकळी आणायची, तेही पाणी काढायचे. तिसऱ्या पाण्यात दाणा बोटाखाली सहज चेपेल इतका मऊ करायचा, चाळणीत निथळत ठेवायचा, आणि मग कुठे कांद्याकडे वळायचे. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ मुलीने दिलेल्या छापील कागदावर हे सारे चार ओळींत मांडलेले होते. तो कागद तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवला होता.

तिच्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडे थकली होती. रक्तातले पोटॅशियम बाहेर टाकण्याचे काम त्यांना झेपेनासे झाले होते, आणि ते साचत गेले की माणसाचे हृदय बोलता बोलता थांबू शकते, असे डॉक्टरांनी आवाज न चढवता सांगितले होते. रक्त धुणारी यंत्रे रुग्णालयात सहाच होती; प्रतीक्षायादीत नवऱ्याचा नंबर चौथा होता. तो लागेपर्यंत दर गुरुवारी रक्त तपासायचे आणि पोटॅशियमचा आकडा साडेपाचच्या आत ठेवायचा, एवढेच हाती होते. म्हणजे जे काही करायचे ते तिच्या दोन शेगड्यांच्या ओट्यावरच करायचे होते.

कागद समजावून सांगताना त्या मुलीने विचारले होते, "कळलं ना काकू? जे नको ते पाण्यात उतरतं. म्हणून पाणी टाकायचं."

"मळ उतरतो तसं."

"अगदी तसंच," मुलगी हसली होती. "तुम्हाला कुणी आधीच शिकवलंय वाटतं."

शिकवले होते ते धुलाईखान्याने. शहरातल्या हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी जिथे धुतल्या जात, तिथे ती सत्तावीस वर्षे खळबळण्याच्या विभागात होती आणि आता त्या विभागाची मुकादम होती. चादर स्वच्छ झाली की नाही हे ती चादरीकडे बघून ठरवत नसे. शेवटच्या खळबळीचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरी. "तिसरं पाणी निवळ निघालं नाही, तर चादर पुन्हा टाका," हे वाक्य तिच्या तोंडून इतक्यांदा निघे, की बरोबरच्या बायकांनी तिचे नावच 'तीनपाणी' पाडले होते. त्यामुळे त्या कागदाचे तिला ओझे वाटले नाही, उलट थोडा धीरच आला. ज्या कामात आपला हात कुणी धरू शकत नाही, नेमके तेच काम दैवाने आपल्यापुढे टाकले आहे, असे तिला वाटले. नवऱ्याला वाचवायचे तर नीट खळबळायचे. आणि नीट खळबळणे तिला येत होते.

नवरा किल्ल्या बनवत असे. बाजारातली टपरी बंद करावी लागल्यापासून त्याने कानशी, चिमटा आणि लोखंडी शिकंजा घरी आणून खिडकीपाशी मांडला होता, आणि ओळखीची माणसे किल्ल्या करायला देत तेवढ्या तो बसल्या बसल्या घाशी. त्याच्या खाण्यावर जी काट मारली गेली, तिच्यात फळे गेली, सुकामेवा गेला, टोमॅटो गेला. बटाटा आणि गाजर यांना धुऊन-उकळून राहण्याची परवानगी मिळाली. मसूर मात्र त्याने हट्टाने मागून घेतला होता. "बाकी सगळं न्या, पण हा माझा लहानपणचा सोबती आहे," असे त्याने आहारतज्ज्ञ मुलीला सांगितले, तेव्हा तिने विचार करून 'तीन पाण्यांनंतर, अर्धी वाटी' असे कागदाच्या कडेला पेनने लिहून दिले होते.

पण तीन पाण्यांतून निघालेला मसूर म्हणजे रंग उडालेला कपडा. त्याला ना वास, ना चव. मीठही नावालाच घालायचे. म्हणून तिने त्या अकरा तऱ्हा काढल्या. करपू न देता तांबूस परतलेल्या कांद्यात मसूर घोळवला. भाताच्या दोन थरांमध्ये घालून झाकण घट्ट लावले आणि वाफेवर ठेवला. वाटून, त्यात पावाचा चुरा घालून चपट्या चकत्या थापल्या आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी कुरकुरीत केल्या. गार करून त्यावर लिंबू पिळले आणि बारीक चिरलेली काकडी टाकली. आल्याबरोबर केला, लसणाबरोबर केला, पातळ केला, कोरडा केला. एकदा तर पिठात कालवून धिरड्यासारखा पसरला, तो तव्याला असा बसला की शेवटी उलथन्याने खरवडून खावा लागला.

नवरा दर वेळी ताटावर वाकून बघे. "आज साहेब कोणत्या वेशात आलेत?"

"खाऊन सांगा."

"वेश झकास आहे. पण आत माणूसच नाही गं."

ती हसे. पहिल्या दोन गुरुवारी हसायला कारणही होते : आकडा पाच पूर्णांक आठवरून पाच पूर्णांक चारवर आला होता.

घरात तिसरे माणूस होते ते नवऱ्याची मोठी बहीण. त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते. त्या धबडग्यात तिचे स्वतःचे लग्न राहूनच गेले. पाच वर्षांपूर्वी एकटीने राहणे जमेनासे झाले तेव्हा ती भावाकडे आली, आणि भावाच्या बायकोच्या स्वयंपाकघरात एक पाय कायम आत ठेवून राहिली.

चाळणीतले पाणी मोरीत जाताना पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ती दारातच थबकली होती. "अगं, काय ओततेस?"

"मसुराचं पाणी, वन्सं. टाकायचंय ते."

"सगळं सत्त्व त्यात उतरलं. मग त्याला काय देतेस, टरफलं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरने याला वाढवलं नाही. मी वाढवलंय."

तेव्हा तिने कागद काढून दाखवायला हवा होता, बसवून, सावकाश, दोनदा समजावून सांगायला हवे होते. पण कामाची पाळी गाठायची होती, शेगडीवर बटाटे उकळत होते, आणि पाच वर्षांच्या टोमण्यांचा थर मनावर होताच. ती म्हणाली, "वन्सं, यापुढे तुम्ही शेगडीला हात लावायचा नाही. हे मोजूनमापून करायचं काम आहे."

"मोजून?" वन्सं म्हणाल्या. "मी अंदाजानेच वाढवला त्याला. तरी वाढलाच की, चांगला दाराला डोकं लागण्याइतका."

नवरा खिडकीपाशी बसून दोघींचे ऐकत होता. तो कानस चालवत म्हणाला, "दोघींनी मिळून मला उकळत ठेवा, म्हणजे तंटा मिटला."

तिसऱ्या आठवड्यात नळाचे पाणी कमी झाले. इमारतीत एक दिवसाआड पाणी येऊ लागले. आता धुलाईखान्यात एक रीत आहे : शेवटचे पाणी कधी सांडत नाहीत. एका घाण्याचे तिसरे पाणी पुढच्या घाण्याचे पहिले पाणी होते. पाणी फुकट घालवणाऱ्या बाईला तिथे दुसऱ्या दिवशी कामावर उभे करत नाहीत. अशा जागी निम्मे आयुष्य काढलेल्या बाईला भरलेले पातेले मोरीत रिकामे करताना हात अडखळावा, यात नवल नव्हते. तिने ओट्याखाली एक झाकणाचा डबा ठेवला. मसुराची पाणी, बटाट्याचे पाणी, गाजराचे पाणी, सगळे त्यात जमा होऊ लागले. खिडकीत तीन कुंड्या होत्या. आणि वन्संना घरात काहीच काम उरले नव्हते. त्या दिवसभर हात मांडीवर ठेवून बसत आणि ते हात बघून तिला अपराधी वाटे.

"वन्सं, एवढं करत जाल? हे पाणी दुपारी झाडांना घालत जा."

वन्संनी झाकण उघडून आत पाहिले. हिरवट, गढूळ, दाट पाणी. "झाडांना," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "बरं. घालीन."

संध्याकाळी ती कामावरून आली, तेव्हा डबा रिकामा, घासून पालथा घातलेला होता. रोज तसाच मिळू लागला. बिचाऱ्या मन लावून करतात, असे तिला वाटले.

त्या गुरुवारी आकडा पाच पूर्णांक सहा आला. पुढच्या गुरुवारी पाच पूर्णांक सात.

तिने आधी स्वतःवरच संशय घेतला. दाणे पुरते भिजत नसतील म्हणून भिजवण्याचे तास वाढवले. उकळीचे पाणी दुप्पट केले. तेवढ्याने समाधान होईना, तेव्हा चौथे पाणी सुरू केले. पेला उजेडाकडे धरून ती चौथे पाणी बघे. ते काचेसारखे निवळ असे. आता मसुरात मसूरपण काहीही उरले नव्हते. जे होते ते सगळे ओट्याखालच्या डब्यात होते. पुढच्या गुरुवारी आकडा पाच पूर्णांक नऊ झाला आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी सहा.

आहारतज्ज्ञ मुलगी या वेळी हसली नाही. नवऱ्याला बाहेर बाकावर बसायला सांगून तिने दार लोटले.

"काकू, खरं सांगा. घरी काय चाललंय?"

"तुमच्या कागदावर आहे तेच. त्याच्यापेक्षा जास्तच."

"मग आकडा वाढतो कसा? पोटॅशियम उतरवायची पावडर वेळेवर घेतात ना? बाहेरचं काही? शहाळं? फळांचा रस?"

"ते जिना उतरत नाहीत. घरात आम्ही तीन माणसं. माझ्या हातचंच खातात."

मुलीने पेन खाली ठेवले. "मग राग मानू नका, पण पाणी नीट काढत नसाल. खूप जण कंटाळतात. एखाद्या दिवशी राहून जातं."

सत्तावीस वर्षांत हे तिला कुणी म्हटले नव्हते. एखाद्याला तुझी मुले तुझी नाहीत म्हणावे, तसे ते लागले. पण ती एवढेच म्हणाली, "माझ्याकडून पाणी राहत नाही."

"यादीत आता दुसरा नंबर आहे त्यांचा," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "दोन-तीन आठवडे, काकू. तेवढे निभावून न्या. सहाच्या वर गेलं तर मात्र मला काही सांगता येणार नाही."

घरी येताना नवरा रिक्षात तिच्या खांद्याला टेकून बसला होता. "रागावली का ती पोरगी?"

"नाही."

"मग तू का रागावलीस?"

आपण चार पाण्यांनी धुतोय आणि तरी डाग गडद होतोय, या गोष्टीचा तिला अर्थच लागत नव्हता. सगळे नियमाने करूनही उलटे होत असेल, तर माणसाने धरायचे तरी काय?

शनिवारी सकाळी खिडकी पुसताना मधल्या कुंडीतल्या रोपाची चार पाने तिच्या हाताला लागून गळून पडली. तिने वाकून पाहिले. तिन्ही रोपे मान टाकून होती. ज्या बोटाने ती मसूर चेपून पाही, तेच बोट तिने कुंडीत खुपसले. माती दगड झाली होती. आकसून कुंडीच्या काठापासून सुटली होती. बोट पेरभरही आत गेले नाही.

रोज डबाभर पाणी, आणि माती अशी?

ती कामावर गेली. चादरी पिळणाऱ्या रुळांपाशी उभी राहिली. तिच्या समोरून पाणी वाहत होते. एका हौदातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, थेंब न सांडता. डब्यातले पाणी कुंडीत जात नाही. मोरीत ओतणे वन्संना पटणारच नाही, आणि त्यांनी ओतले असते तर तसे फणकाऱ्याने सांगितले असते. मग ते जाते कुठे? हा प्रश्न मनात पुरता मांडून व्हायच्या आतच ती रुळांपासून मागे सरली. शेजारच्या इस्त्रीवालीने विचारले, "काय गं तीनपाणी, भूत बघितलंस का?" तिने एप्रन सोडला, तो तिच्या हातात दिला आणि वाटेला लागली.

घराचे दार नुसते लोटलेले होते. आतून मिऱ्याचा वास येत होता आणि नवऱ्याचे हसणे ऐकू येत होते. असे पोटातून हसणे तिने कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"गिरणी बंद होती ते वर्ष," वन्सं सांगत होत्या. "दिवसाला मूठभर मसूर. दाणे बाबांना, कारण त्यांना काम शोधत वणवण हिंडायचं. पाणी तुला, कारण तू तापाने फणफणलेला."

"आणि तुला?"

"मला भांडं."

"भांडं?"

"खरवडायला! त्याच्या बुडाशी जे लागलेलं असायचं ना, ते या पोटात गेलंय, म्हणून अजून ठणठणीत आहे. तू पी. गार होतंय. सात वर्षांचा होतास, दवाखान्याने हात टेकले होते, याच पाण्यावर उठून बसलास. ती बिचारी राबते, नाही म्हणत नाही मी, पण तिला सत्त्व कशात असतं ते ठाऊक नाही."

तिला ठाऊक होते. सत्त्व पाण्यात उतरते, हे दोघींनाही सारखेच ठाऊक होते. एकीला ते दारिद्र्याने शिकवले होते, दुसरीला कामाने. दोघींपैकी एकही चुकीचे बोलत नव्हती.

ती आत गेली. नवऱ्याच्या हातात काचेचा उंच पेला होता, निम्मा रिकामा. वर मिरपूड तरंगत होती. तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

वन्सं गडबडून उठल्या. "अगं, रागावू नकोस. तुझ्या शेगडीला हात लावला खरा, पण डबाभर पाणी पेलाभर आटवलं, एवढंच. डाग पडला नाही कुठे, बघ."

"काही नाही वन्सं. तुम्ही पडा जरा," ती म्हणाली. तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

वन्सं भिंतीला धरत आपल्या खोलीत गेल्या. तिने खोलीचे दार ओढून घेतले.

"किती दिवस चाललंय?"

"महिना होत आला असेल," नवरा म्हणाला. "तुला सांगणार होतो, पण ताई म्हणाली, तुझ्या कामात नाक खुपसल्यासारखं होईल. पाणीच तर आहे गं. तोंडाला चव येते तेवढीच."

तिने कपाटाच्या दारावरचा कागद सोडवून त्याच्यासमोर धरला. किल्ल्यांचे दात बघायला तो लावत असे, तो जाड चष्मा त्याने लावला. एकदा वाचले. पुन्हा वाचले. इतक्या आठवड्यांत तो कागद त्याने कधीच वाचला नव्हता. वाचायचे काम बायकोचे, खायचे काम आपले, अशी त्याने वाटणी करून टाकली होती.

त्याने चष्मा काढला. मग म्हणाला, "म्हणजे अकरा तऱ्हांचा मसूर खात होतो, आणि बारावी तऱ्हा पीत होतो."

ती खाली बसली आणि तोंडावर पदर धरून रडली. आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून तिने पदराचा बोळा दातांत धरला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला लोखंडाच्या किसाचा वास होता.

"ऐक," तो म्हणाला. "ताईला यातलं काही सांगायचं नाही."

"सांगितल्याशिवाय थांबतील त्या?"

"थांबव. काहीही कारण दे. भांड, ओरड, मला चालेल. पण हे नको. तिच्या सबंध आयुष्यात तिने केलेलं एकच मोठं काम म्हणजे मला त्या पाण्यावर जगवणं. दुसरं काही नाही गं तिच्यापाशी. ते काढून घेतलंस तर ती उभ्या जागी जाईल. वचन दे."

तिने वचन दिले. मग रुग्णालयाला फोन लावला. शनिवारी दुपारनंतर तो विभाग बंद असे. घंटी वाजत राहिली. तातडीच्या विभागात जाऊ या, असे ती म्हणाली. नवऱ्याने नाडी बघायला मनगट तिच्या हातात दिले. "धडधड नाही, चक्कर नाही. महिनाभर पीत होतो तेव्हा काही झालं नाही, आता बंद केल्यावर दोन दिवसांत काय होणार? सोमवारी सकाळी पहिला नंबर लावू." त्याची नाडी तिला ठीक वाटली. ती ठीकच असावी, असे तिच्या बोटांना वाटत होते.

त्या संध्याकाळी तिने डबा माळ्यावर टाकला. रविवारी ती मसुराचे पाणी मोरीत ओतत असताना वन्सं पेला घेऊन आल्या.

"याच्यात एवढंसं."

"नाही, वन्सं. पाण्याला वास येतो. मुंग्या लागतात."

"घोटभर गं. मी गाळून घेईन."

"नाही म्हटलं ना!"

ती ओरडली होती. वन्संनी पेला खाली केला. भावाने मध्ये पडावे म्हणून त्यांनी खिडकीकडे पाहिले. भाऊ खाली मान घालून एका किल्लीवर कानस फिरवत होता. "बरं," त्या म्हणाल्या. "घर तुझं आहे."

सोमवारी सकाळी सात वाजता तो दाराजवळच्या स्टुलावर बसून बूट घालत होता. ती आत जुने अहवाल पिशवीत भरत होती. "छत्री घेऊ का हो?" तिने विचारले. उत्तर आले नाही, म्हणून ती बाहेर आली. एका बुटाची नाडी बांधून झाली होती. दुसऱ्या बुटाची दोन्ही टोके त्याच्या बोटांत होती आणि त्याचे डोके भिंतीला टेकलेले होते, दमून जरा टेकावे तसे.

पोटॅशियम किती होते, ते कुणी सांगू शकले नाही. डॉक्टर म्हणाले, अशा माणसांचे असे होते.

लोक येऊ लागले. वन्सं पुढच्या खोलीत भिंतीशी बसून प्रत्येकाला तेच सांगत. "जोवर पेलाभर पाणी पोटात जात होतं, तोवर होता तो. हसत होता. हिने बंद केलं, तर दोन दिवस नाही काढले." येणारी माणसे मान हलवत आणि आतल्या दाराकडे ओझरते बघत. कुणी विश्वास ठेवत होते असे नाही, पण ऐकत सगळेच होते.

इस्त्रीवाली आली, तिने ते ऐकले आणि स्वयंपाकघरात येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "काय बोलतायत त्या? आणि तू ऐकून घेतेस? धुलाईखान्यात दोनशे बायकांना गप्प करतेस की!"

"काय बोलू?"

"खरं असेल ते बोल. एका वाक्याचं काम."

एका वाक्याचेच काम होते. ते वाक्य तिला तयार सापडले होते. रोज सकाळी जाग येताच ते ओठांवर हजर असे, धुऊन, पिळून, घडी घालून ठेवल्यासारखे : वन्सं, ते पाणीच विष होतं. पण त्या वाक्याला शेपूट होते. डबा कुणी ठेवला? पाणी साठवायची खोड कुणाची? चौथे पाणी काढून ते अधिकच जहाल कुणी केले, आणि झाडांना घाला म्हणून वन्संच्या हातात कुणी दिले? कागद दाखवून समजावण्याऐवजी शेगडीला हात लावू नका, हे कुणी म्हटले? उजेडाकडे धरून पाहिले, तर त्या वाक्याचे पाणी कितव्यांदाही निवळ निघत नव्हते. आणि वचन होतेच.

वन्संनी जेवण टाकले. पाव दुधात बुडवून दोन घास खात आणि ताट सारत. दहा-बारा दिवसांत त्यांची मनगटे काड्यांसारखी झाली. तिने मसूर भिजत घातला. सकाळी पाणी न काढता तो तसाच शेगडीवर ठेवला. कितीतरी आठवड्यांनी मसुराचा खरा, मातकट, दाट वास घरभर झाला. तिने वरचे पाणी पेल्यात गाळून घेतले, चिमूटभर मीठ घातले, मिरी कुटून भुरभुरली, आणि पेला वन्संपुढे नेऊन ठेवला.

वन्संनी पेल्याकडे पाहिले. मग तिच्याकडे. "आता होय? पेला घेऊन उभी होते मी तुझ्यापुढे. घोटभर मागत होते. तेव्हा का नाही?"

"तेव्हा..." ती म्हणाली.

खिडकीपाशी शिकंजा तसाच होता. त्यात अर्धी घासलेली किल्ली अडकवलेली होती. वाक्य जिभेवर आले होते. वन्सं वाट बघत होत्या; त्या इतक्या लहान दिसत होत्या की भांडे खरवडणारी एकोणीस वर्षांची मुलगी त्या चेहऱ्यात कुठेतरी अजून शिल्लक असावी.

"तेव्हा चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलं ना?"

"चुकलं, वन्सं."

"म्हण पुन्हा."

"माझं चुकलं."

वन्संनी डोळे मिटून घेतले आणि मान भिंतीला टेकली. त्यांना जे हवे होते ते मिळाले होते, आणि त्याने काहीही भरून आले नव्हते. ती पेला तिथेच ठेवून कामावर गेली. त्या दिवशी धुलाईखान्यात तिने एकही चादर परत टाकायला लावली नाही. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी ती आली, तेव्हा पेला ओट्यावर घासून पालथा घातलेला होता. वन्सं आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. क्षणभर तिला वाटले, प्यायल्या. मग ती खिडकीपाशी गेली आणि मधल्या कुंडीत बोट घातले.

माती ओली होती. बोट सहज आत गेले. वाळलेल्या खोडाभोवती, मातीच्या वर, मिऱ्याचे काळे कण तसेच पडलेले होते.